इडलीपात्राचा मुकुट

मला वाईट सिनेमे आवडतात. वाईट म्हणजे जरा फसलेले वगैरे नव्हे, पार रद्दी. ज्यात राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसते, मंगळावरच्या डोंगराला कुणीतरी टेकतं आणि डोंगर हलतो, आणि पांढरा कोट घातलेला शास्त्रज्ञ काचेच्या नळीत सरबत ढवळत ढवळत पृथ्वीचं आता काही खरं नाही म्हणून सांगतो. ज्यांना चांगलं संगीत आवडतं त्यांना कुणी कारण विचारत नाही. मला मात्र पन्नाशी आली तरी खुलासे द्यावे लागतात. मिरजेला आई म्हणायची, बाकीची पोरं भुताला घाबरतात आणि ही त्याचे बूट बघते. खरंच बघायची. भुतं कॅनव्हासचे बूट घालायची.

लग्न करून चेन्नईला आले तेव्हा हे खूळ बरोबर आणलं, दुसरं फारसं काही आणायला नव्हतं. सासरची माणसं तंजावरकडची मराठी. "घरात मराठी बोलतात" ह्या एका वाक्यावर माझ्या आईनं होकार दिला होता. पहिल्या दिवशी सासरे माझ्याशी पाच मिनिटं बोलले आणि मी नुसती मान हलवत राहिले. कानावर मराठी पडत होतं, पण चाल तमिळ, शब्द पोथीतले, आणि मधेच रसम-भात कालवावा तसे तमिळ शब्द. मी पुण्याच्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं, घरी मराठी बोलतात ग, पण मला खाली सबटायटल लागतात. फार हसलो आम्ही.

वर मी त्यांना सुधारायला निघाले. अप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणायचे, "तू कॉफी केलास?" आणि मी म्हणायची, केलीस, अप्पा, केलीस. ते शांतपणे कॉफी पीत. एकदा मात्र डबरा, म्हणजे कॉफीची पितळी वाटी, खाली ठेवून म्हणाले, "आमचे लोक तीनशे वर्षांपूर्वीं इकडे आले. तुमची मराठी त्याच्यानंतर बिघडली."

एका बाबतीत मात्र त्यांनी मला सुधारलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी गाडी चुकेल म्हणून मी दारातून "जाते" एवढंच ओरडले आणि जिना उतरले. दोन मजले खाली आल्यावर वरून हाक. परत वर नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि मग नीट म्हणवून घेतलं: जाऊन येतें. त्यावर त्यांनी म्हणायचं, जाऊन ये. एवढं झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मी म्हटलं, आमच्याकडे नुसतं "येते" म्हणतात, हे तुमचं "जाऊन येतें" तमिळवरून उचललेलं आहे. गाडी चुकली ती चुकलीच.

आमचं जमलं ते सिनेमांवरून. मी मैलापूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, शनिवारी अर्धा दिवस. तीन वाजता वेलचेरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये कॉफी व्हायची आणि मी टीव्हीवर काहीतरी जुनाट लावायची. सासूबाईंना ह्या प्रकाराची किळस. त्या म्हणत, सुशिक्षित बाई आणि रबराचं अस्वल बघते. नवरा आयटीत, तो लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत पळायचा. अप्पा मात्र येऊन बसायचे. ना हसायचे, ना घाबरायचे. उडती तबकडी आली की पुढे वाकायचे, आणि सिनेमा संपला की "हें नव्हे" म्हणून उठायचे.

मला वाटायचं, हा त्यांचा अभिप्राय. आपल्यासारखाच एक दर्दी घरात आहे ह्याचा मला केवढा आनंद! पाचसहा वर्षं मी ह्या भ्रमात काढली. ज्या वर्षी वेलचेरीत पाणी भरलं आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावरून तरंगत्या स्कूटर बघत होतो, तेव्हासुद्धा मी त्यांना म्हटलं, अप्पा, आता ह्यातून एक रबरी ऑक्टोपस वर यायला हवा. ते म्हणाले, येईल. इतकं आमचं गूळपीठ.

"हें नव्हे" चा अर्थ तीन वर्षांपूर्वी कळला. त्यांना कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले होते. टीव्हीचा आवाज इतका वाढला होता की खालच्या मजल्यावरच्या बाई सिनेमाची गोष्ट मला जिन्यात सांगायच्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजवा कान गेल्यात जमा आहे आणि डावा त्याच वाटेवर आहे. यंत्र लावा, पण घाई करा असं सांगण्यासारखं काही नाही, कारण थांबणार काहीच नाही. अप्पांनी तमिळमध्ये फक्त विचारलं, किती दिवस. डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच मला म्हणाले की एक सिनेमा हुडकून दे. आणि मग भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

तो फोटो त्यांच्या अक्काचा, थोरल्या बहिणीचा. लग्नातला आहे. मान इतकी खाली घातलेली की भांगच जास्त दिसतो. ती लग्न होऊन सेलमला गेली आणि दीड वर्षात काविळीनं वारली, एवढं मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं.

लग्नाच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. अप्पा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, अक्का टायपिंग शिकत होती. मैलापूरला देवळाच्या तळ्याजवळ दोन खोल्यांत सगळे राहायचे. शेजारचा माणूस कोडंबाक्कमच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाला मदतनीस. तिथे एक तमिळ सिनेमा चालला होता, दुसऱ्या ग्रहावरची राणी पृथ्वी जाळायला येते असा. राणी झालेली बाई नर्तकी होती, ती नुसते ओठ हलवून मोकळी झाली, आवाज नंतर भरायचा होता. पण राणीनं बोलायचं कुठल्या भाषेत? दिग्दर्शकाला अशी भाषा हवी होती जी थिएटरात एकालाही कळणार नाही. आणि शहर पडलं मद्रास! तेलुगू घ्यावी तर अर्धं थिएटर तेलुगू. मल्याळम, कन्नड, उर्दू, सगळ्यांचे लोक हजर. गुजराती घ्यावी तर जॉर्ज टाउनचे व्यापारी पहिल्या रांगेत. अर्थ नसलेलं काहीतरी बडबडून बघितलं, तर रेकॉर्ड करणाऱ्यांनाच हसू फुटायचं. शेवटी आमच्या ह्या शेजाऱ्यानं सांगितलं की माझ्या भिंतीपलीकडे एक कुटुंब राहतं, ते जे बोलतात ते मुंबईहून आलेल्या माणसालासुद्धा कळत नाही.

अशा रीतीनं आमच्या घरची भाषा परग्रहावर पोहोचली. अक्काला एका दुपारी स्टुडिओत नेलं. मुलगी एकटी कशी जाणार म्हणून धाकट्या भावाला बरोबर धाडलं. दिग्दर्शकानं सांगितलं, काय वाटेल ते बोल, पण रागानं बोल. अक्का बोलली, आणि काचेपलीकडे अप्पा पोटावर हात धरून हसले, एवढं त्यांना आठवत होतं. काय बोलली ते आठवत नव्हतं. मोबदल्यात एक साडी आणि टिफिन, म्हणजे इडली-डोसा, मिळाला. सिनेमा आठवडाभर चालला आणि पडला. घरातून कुणी गेलं नाही, कारण आपली मुलगी तंग कपड्यातल्या बाईच्या तोंडून बोलते हे वडिलांना पसंत नव्हतं. अप्पा म्हणाले, तेव्हां वाटलं, अक्का घरीं आहेच की.

मग म्हणाले, "चेहरा भिंतीवर आहे. आवाज विसरलों. कान आहे तोंवर एकदा ऐकायला पाहिजे."

मला आधी हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? परग्रहाची राणी तंजावरी मराठी बोलते, ह्याहून भारी माझ्या आयुष्यात काही घडणार नव्हतं. पण हे वाक्य ऐकल्यावर सगळे शनिवार आठवले. पाचसहा वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून बहिणीला शोधत होता आणि मी त्याला राक्षसाच्या पाठीवरची चेन दाखवत होते.

मग मी पदर खोचला. म्हटलं, तीस वर्षं रद्दीत काढलीत, आता त्या रद्दीचा उपयोग होऊ दे. अप्पांना सिनेमाचं नाव नक्की आठवत होतं आणि त्या नावाचं कुठेच काही सापडत नव्हतं. जुन्या सिनेमांच्या याद्या पाहिल्या, जगभरच्या माझ्यासारख्या रिकामटेकड्यांना पत्रं लिहिली. जॉर्ज टाउनमध्ये बंदराजवळच्या एका गल्लीत एक म्हातारा जुन्या रिळांचे डबे ठेवतो असं कळलं, तिथेही अप्पांना घेऊन गेले. डबे होते. त्यात रिळं नव्हती, लोणचं होतं. म्हाताऱ्यानं चव घ्यायला दिलं, अप्पांनी घेतलं आणि चांगलं आहे म्हणाले.

इथे माझ्या एका तत्त्वाबद्दल सांगायला हवं. मी डब केलेले सिनेमे बघत नाही. रद्दी असली तरी अस्सल हवी. मंगळावरचा माणूस भलत्याच्या आवाजात बोलायला लागला की मला तो भेसळीचा वाटतो. यूट्यूबवर दक्षिणेतले जुने सिनेमे हिंदीत डब केलेले ढिगानं पडलेत. मी त्यांच्यावर बोटसुद्धा थांबू देत नसे. अप्पांचं मतही तेच, कारण वेगळं: डब केलं म्हणजे आवाज गेला, मग बघून काय करायचं? दोघांनी मिळून एक अख्खा ढीग बाजूला सारला होता आणि आपण फार काटेकोर आहोत असं समजत होतो.

ह्या वर्षी पोंगलनंतर अप्पांचा डावा कानही बसायला लागला. कुकरची शिट्टी ऐकू येईना. सासूबाई त्यांच्याशी खुणांनी बोलायला लागल्या. एका शनिवारी मी नुसती यादी खाली सरकवत बसले होते, अप्पा शेजारी. एकदम त्यांनी माझं मनगट धरलं. पडद्यावर एका हिंदी सिनेमाचं चित्र होतं. लाल अक्षरात "खूनी" आणि "रानी" असलं काहीतरी, आणि खाली एक बाई हात वर करून उभी. तिच्या डोक्यावर चंदेरी मुकुट होता.

अप्पा म्हणाले, "तें इडलीपात्र."

पाहिलं तर खरंच. इडलीच्या तीन ताटल्या, वाट्यांच्या खळग्यांसकट, एकावर एक उभ्या केलेल्या. स्टुडिओत मुकुट मोडला होता आणि जवळच्या हॉटेलातून ताटल्या आणून डकवल्या होत्या, आणि आवाज भरायच्या दिवशी तो तिथेच पडलेला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला. सिनेमा तोच होता. हिंदीत जाताना नाव बदललं होतं, म्हणून तमिळ नावानं सापडत नव्हता.

आणि त्या चित्राच्या खाली एक बारीक लाल रेघ होती. तुम्ही हे थोडंसं बघून सोडलंय, असं सांगणारी. मी बघितला होता! दोन वर्षांपूर्वी कधीतरी चुकून लागला असणार, हिंदी ऐकू आल्याबरोबर मी बंद केला असणार. चाळीस सेकंदांत. तेव्हा त्यांचा डावा कान अजून चालत होता. अप्पांना ती रेघ कळली नाही. मी रिमोटनं पटकन पुढे गेले आणि काही बोलले नाही. हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय.

बघायचं की नाही ह्यावर थोडा वेळ गेला. हिंदी म्हणजे अक्का नाही, हे दोघांनाही माहीत होतं. अप्पा म्हणाले, निदान तिनं ज्या बाईसाठीं आवाज दिला ती बाई बघूं. यंत्राला नवी बॅटरी घातली. सासूबाई कधी नव्हे ते दुधी चिरायला घेऊन टीव्हीसमोर येऊन बसल्या. नवराही दारात येऊन उभा राहिला.

सिनेमा माझ्या आवडीचा होता, म्हणजे भिकार. तबकडी दोऱ्यावर होती, तीही डोलत. शास्त्रज्ञ शुद्ध हिंदीत छाती फुगवून बोलत होता आणि त्याचे ओठ तमिळमध्ये हलत होते. अप्पांना हिंदी येत नाही, त्यांना धड ऐकूही येत नव्हतं, ते फक्त पुढे वाकून बसले होते. वीस मिनिटांनी धूर झाला, शिडी खाली आली आणि इडलीपात्र घालून राणी उतरली. मी मनाशी म्हटलं, आता हिच्याही तोंडी कुणीतरी मुंबईची बाई.

राणी बोलली, आणि सासूबाईंच्या हातातला विळीवरचा दुधी थांबला.

हिंदी नव्हतं ते. विहिरीतून यावा तसा घुमणारा, पातळ, चिडका मुलीचा आवाज होता आणि बोलत होता आमच्या घरातली मराठी. मला क्षणभर कळेना हे कसं. मग डोक्यात उजेड पडला. हिंदी करणाऱ्यांनी माणसांचे आवाज तेवढे बदलले. राणीची भाषा तमिळ नव्हती, म्हणजे बदलायला काही नव्हतंच. त्यांच्या लेखी ती भाषाच नव्हती, नुसते आवाज होते. वाऱ्याचा घोंघाट, तबकडीची घरघर, स्फोट आणि आमची अक्का, सगळं जसंच्या तसं ठेवून दिलं होतं. मला त्यांचा राग यावा, तर मीसुद्धा ह्या घरात आल्यावर दुसरं काय केलं होतं? त्यांनी निदान दुरुस्त्या तरी केल्या नाहीत.

पडद्यावर शास्त्रज्ञ जमलेल्या लोकांना अर्थ सांगत होता की राणी म्हणते, तीन दिवसांत पृथ्वी भस्म करीन. राणी प्रत्यक्षात छत्रीबद्दल बोलत होती. दिग्दर्शकानं रागानं बोल म्हटलं, तिला काचेपलीकडे भाऊ दिसला, आणि राग तयारच होता. घरातली एकुलती एक छत्री त्यानं मोडली होती. सासूबाई हसून हसून रडायला लागल्या. नवऱ्याला सगळं कळत होतं, तोही दारातून आत येऊन बसला.

मी अप्पांकडे बघितलं. ते हसत नव्हते. हाताने कानातलं यंत्र दाबत होते, परत परत. मी आवाज वाढवला, शेवटपर्यंत वाढवला, खालच्या बाईंचा विचार न करता. त्यांनी मान हलवली.

"आवाज येतोय," ते म्हणाले. "अक्काच आहे. शब्द येत नाहींत."

ती चाळीस सेकंदं डोळ्यांपुढे आली. मी सिनेमा मागे नेला, सोफ्यावरून उतरून त्यांच्या डाव्या बाजूला जमिनीवर गुडघ्यांवर बसले, आणि राणी पुन्हा शिडीवरून उतरली तेव्हा तिच्या पाठोपाठ एकेक वाक्य त्यांच्या कानात ओरडून सांगायला लागले. छत्री कोण मोडला? तू मोडलास. वडिलांना कोण सांगणार? मी सांगू काय? पावसांत आतां केळीचं पान घेऊन जा कॉलेजाला. माझ्या तोंडून "मोडलास" आलं आणि मी ते तसंच येऊ दिलं. एकही शब्द सुधारला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या घरची भाषा घरच्यासारखी बोलले, तीही परग्रहावरच्या बाईची दुभाषी म्हणून.

आता अप्पा हसायला लागले. घोगरं, थांबत थांबत. मधेच म्हणाले की छत्री आधीच मोडकी होती. साठ वर्षांनी बचाव!

सिनेमाच्या शेवटी पृथ्वी अर्थातच वाचते. शास्त्रज्ञ सरबत फेकतो, राणी हरते, धुरातून शिडी चढते आणि वरच्या पायरीवर वळून शेवटचा शाप देते. शास्त्रज्ञ थरथरत सांगतो की ती म्हणते, मी सूड घ्यायला परत येईन. मी ऐकलं ती काय म्हणाली ते, आणि तेही अप्पांच्या कानात ओरडून सांगितलं. स्टुडिओतल्या माणसानं अक्काला सांगितलं असेल की राणी आता निघाली, शेवटचं काहीतरी बोल. घरातून निघताना जे म्हणतात तेच ती म्हणाली होती.

"जाऊन येतें. दार लावून घे."

तबकडी दोऱ्यावर डोलत वर गेली. अप्पा खुर्चीत सरळ झाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यांदा, दोन मजले खाली ऐकू जाईल असं, ते पडद्याला म्हणाले, "जाऊन ये, अक्का."